केबलविना दूरचित्रवाणी : करी रोडच्या गच्चीवरून

मुंबईच्या गिरणगावात, मध्य रेल्वेच्या चिंचपोकळी आणि परळ या स्थानकांच्या मध्ये येणाऱ्या करी रोडपासून वरळीच्या दूरदर्शन केंद्राचा पोलादी मनोरा जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर उभा आहे. सुमारे ३०० मीटर उंचीच्या या मनोऱ्यावरून निघणाऱ्या रेडिओलहरी करी रोडच्या कौलारू चाळींवरून, जुन्या गिरण्यांच्या आवारांवरून आणि त्या आवारांत उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींवरून जात असतात, आणि त्या पकडण्यासाठी आज ना परवाना लागतो ना महिन्याचे बिल भरावे लागते. तरीही या परिसरातील अनेक घरांत दूरदर्शनच्या वाहिन्यासुद्धा केबलच्या तारेतूनच येतात, आणि हवेतून येणारे तेच चित्र आपल्याला थेट घेता येते याची कल्पनाही नव्या पिढीला नसते. हे चित्र घेण्यासाठी अँटेना लागते आणि ते आपल्या सोयीच्या वेळी पाहता यावे म्हणून साठवणारा रेकॉर्डर लागतो. ही दोन साधने कशी चालतात, गिरणगावाशी त्यांचा संबंध कसा जुळला आणि आजच्या घराला त्यांचा उपयोग किती, याची ओळख सामान्य प्रेक्षकाला असणे आवश्यक आहे.

मनोरा आणि चाळ

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. देशातील दुसरे केंद्र मुंबईत वरळी येथे २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यापर्यंत पोहोचू लागले. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’ यांसारखे कार्यक्रम आणि दिलीप प्रभावळकरांचा ‘चिमणराव’ यांच्यामुळे या केंद्राला मराठी घरांत स्वतःचे स्थान मिळाले. त्या काळी संच महाग होता आणि तो बाळगण्यासाठी टपाल कार्यालयात परवाना शुल्कही भरावे लागे. त्यामुळे लालबाग, परळ, करी रोडच्या चाळींत एखाद्याच खोलीत टीव्ही असे आणि चित्रपटाच्या वेळी त्या खोलीच्या दारात, खिडकीत आणि गॅलरीत अख्खा मजला जमत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. गिरणगावाच्या उत्पन्नाचा आधार सुटत असतानाच चाळींवरील अँटेनांची गर्दी वाढत गेली, कारण एकदा संच घेतला की त्यानंतरची करमणूक, बातम्या आणि शिक्षण यांना वेगळा खर्च नव्हता. हवेतून येणाऱ्या प्रसारणाचा हा गुण त्याच्या मुळाशीच आहे. प्रक्षेपकाचा खर्च प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून नसतो. एका घराने चित्र घेतले तर शेजारच्या घराचे चित्र कमी होत नाही, म्हणून हजार घरांनी पाहिले काय आणि दहा लाख घरांनी पाहिले काय, प्रसारण करणाऱ्याचा खर्च तेवढाच राहतो.

अँटेनाचे शास्त्र

अँटेना म्हणजे हवेतील विद्युतचुंबकीय लहरींचे तारेतील सूक्ष्म विद्युतप्रवाहात रूपांतर करणारी धातूची रचना. गच्चीवर पूर्वी सर्रास दिसणारी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना ‘यागी-उडा’ या नावाने ओळखली जाते, कारण जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शिन्तारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती १९२६ च्या सुमारास विकसित केली. तिच्या आडव्या दांड्यावर एकापुढे एक अशा नळ्या बसवलेल्या असतात. त्यांपैकी ज्या नळीला वायर जोडलेली असते ती प्रत्यक्ष लहर ग्रहण करते. तिच्या मागची, किंचित लांब नळी परावर्तकाचे काम करते, म्हणजे पुढून आलेली लहर पुन्हा पुढे ढकलते. आणि तिच्या पुढच्या, क्रमाने आखूड होत जाणाऱ्या नळ्या लहरीला योग्य दिशेने एकवटतात. म्हणूनच अशी अँटेना एका दिशेचे चांगले ऐकते आणि बाकीच्या दिशांकडे दुर्लक्ष करते, आणि म्हणूनच तिचे तोंड मनोऱ्याकडे ठेवावे लागते.

नळीची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते आणि ग्रहण करणारी नळी साधारणपणे लहरीच्या लांबीच्या निम्मी असते. लहर एका सेकंदात किती वेळा कंप पावते त्या संख्येला वारंवारिता म्हणतात, आणि एका सेकंदातील दहा लाख कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. मुंबईचे जुने प्रक्षेपण ‘व्हीएचएफ’ पट्ट्याच्या खालच्या टोकाला, साठ मेगाहर्ट्झच्या आसपास होते. तेथे लहरीची लांबी पाच मीटरच्या जवळ जाते, आणि त्यामुळे जुन्या अँटेनाच्या नळ्या सव्वादोन ते अडीच मीटर लांब असत. आजचे डिजिटल प्रक्षेपण ‘यूएचएफ’ पट्ट्यात, ४७० मेगाहर्ट्झच्या वर होते. तेथे लहर साठ-बासष्ट सेंटिमीटरांची होते आणि तीस सेंटिमीटरांची नळी पुरते. गच्चीवर गंजत पडलेली जुनी मोठी अँटेना नव्या प्रक्षेपणासाठी सहसा निरुपयोगी ठरते आणि तिच्याऐवजी हातभर लांबीची यूएचएफ अँटेना घ्यावी लागते, याचे कारण हेच आहे.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे मनोरा जितका उंच तितका त्यांचा पल्ला मोठा असतो. ३०० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ६२ किलोमीटरवर येते, आणि वातावरणात लहर किंचित वाकत असल्याने तिचा पल्ला साधारण ७० किलोमीटरपर्यंत जातो. करी रोडचा पत्ता या वर्तुळाच्या अगदी मध्याजवळ येत असल्याने तेथे लहर क्षीण होण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तेथील अडचण निराळी आहे आणि ती समजून घेण्यासाठी परिसराच्या बदललेल्या रूपाकडे पाहावे लागते.

उत्तुंग इमारती आणि दुहेरी चित्र

गिरण्यांच्या जमिनींवर गेल्या दोन-तीन दशकांत जे मनोरे उभे राहिले त्यांची उंची दूरदर्शनच्या मनोऱ्याशी स्पर्धा करणारी आहे. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवरील ‘वर्ल्ड वन’ ही इमारत २८० मीटर उंच आहे आणि खुद्द करी रोडजवळही साठ मजल्यांच्या वर गेलेली इमारत उभी आहे. काँक्रीट, पोलाद आणि काच यांच्या अशा भिंतींवर आदळून लहरी परत फिरतात, आणि मग एकच प्रसारण अँटेनाकडे दोन वाटांनी पोहोचते: एक मनोऱ्यावरून थेट आणि दुसरे इमारतीवर आपटून, थोडे उशिरा.

हा उशीर किती असतो आणि त्याने काय होते, हे जुन्या पद्धतीच्या चित्रावरून नेमके सांगता येते. मनोऱ्याच्या विरुद्ध बाजूला, अँटेनापासून दीडशे मीटरवर एखादी उंच भिंत असेल तर परतणाऱ्या लहरीला तीनशे मीटर जास्त जावे लागते, आणि तेवढे अंतर कापायला तिला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग, म्हणजे एक मायक्रोसेकंद लागतो. जुन्या ॲनालॉग पद्धतीत पडद्यावरील एक आडवी रेषा सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत आखली जात असे. म्हणजे वीस इंची संचाच्या चाळीस सेंटिमीटर रुंद पडद्यावर एक मायक्रोसेकंद उशिरा आलेले चित्र मूळ चित्राच्या उजवीकडे सुमारे आठ मिलिमीटर सरकलेले दिसे. वृत्तनिवेदकाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली उभी राही आणि घरोघर ‘डबल दिसतंय’ अशी तक्रार होई. मग एकाने गच्चीवर जाऊन अँटेनाचा दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं, थांब’ असे ओरडून सांगायचे, ही पद्धत मुंबईभर रूढ झाली. थेट येणारी लहर अँटेनाच्या तोंडासमोर आणि परतलेली लहर तिच्या पाठीशी येईल अशी दिशा शोधण्याचाच तो उद्योग होता.

केबलची वाट

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या मोठ्या इमारतींमध्ये एका खोलीत चित्रफीत चालवणारा व्हीसीआर ठेवून त्यावरील चित्रपट तारेने घरोघर पोहोचवण्याची सोय सुरू झाली, आणि १९९१ मध्ये स्टार टीव्हीच्या उपग्रह वाहिन्या आल्यावर याच तारांचे केबलच्या जाळ्यात रूपांतर झाले. मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी टीव्ही सुरू झाला. केबलने वाहिन्यांची संख्या वाढवली आणि दुहेरी चित्राचा त्रासही संपवला, म्हणून गच्चीवरच्या अँटेना उतरल्या. यात प्रेक्षकाची चूक काढण्याचे कारण नाही. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकांना बंधनकारक केले. २०१२ च्या अखेरीस मुंबईत केबलचे डिजिटलीकरण झाले आणि प्रत्येक संचाला सेट टॉप बॉक्स लागू लागला. २०१९ मध्ये आलेल्या नव्या दरपद्धतीत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी महिना १३० रुपये आणि वर कर, अशी नुसत्या जोडणीची कमाल रक्कम ठरवण्यात आली, व सशुल्क वाहिन्यांची किंमत त्याहून वेगळी राहिली. ज्या घरात मुख्यतः बातम्या, दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री आणि अधूनमधून सामना एवढेच पाहिले जाते, त्या घराला हा खर्च टाळता येण्याजोगा आहे.

केबल प्रस्थापित होत असतानाच सर्वोच्च न्यायालयाने प्रेक्षकाच्या हक्काचे एक तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. १९९३ च्या हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रसारणावरून माहिती व प्रसारण मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जो वाद झाला, त्याचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठीच व्हायला हवा असे स्पष्ट केले. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्रण खासगी वाहिन्यांनी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले; आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असे चित्रण दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणावर व फ्री डिश या त्याच्या विनामूल्य उपग्रह सेवेवर दाखवता येईल, मात्र खासगी केबल आणि डीटीएच (उपग्रहावरून थेट घरी) सेवांच्या चालकांमार्फत नाही. जमिनीवरील मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणाला भूप्रक्षेपण म्हणतात. या निकालामुळे काही सामन्यांच्या वेळी केबलवरील दूरदर्शन वाहिनीवर दुसराच कार्यक्रम दिसतो आणि अँटेना किंवा उपग्रहाची छत्री असलेल्या घरात मात्र सामना विनामूल्य दिसतो. साधा गच्चीवरचा दांडा महागड्या जोडणीपेक्षा जास्त देतो, असा हा विरळा प्रसंग आहे.

डिजिटल भूप्रक्षेपण

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरदर्शनने मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद यांच्यासह देशातील सोळा शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले. त्यात दूरदर्शनच्या राष्ट्रीय, वृत्त, भारती आणि क्रीडा या वाहिन्या आणि त्यांच्या जोडीला प्रादेशिक किंवा किसान वाहिनी अशी योजना होती. मार्च २०२२ पर्यंत सीमाभागासारखी मोजकी ठिकाणे वगळून देशातील जुने ॲनालॉग प्रक्षेपण थांबवण्याचे धोरण प्रसार भारतीने अंगीकारले.

डिजिटल पद्धतीत चित्र आणि आवाज यांचे शून्य आणि एक अशा अंकांत रूपांतर करून, दृश्यातील पुनरावृत्ती गाळून, ते आटोपशीर केले जातात. पूर्वी जेवढ्या पट्ट्यात एकच वाहिनी मावत असे तेवढ्यात आता अनेक वाहिन्या एकत्र बांधून पाठवता येतात, आणि या एकत्रित गाठोड्याला ‘मल्टिप्लेक्स’ म्हणतात. भारताने यासाठी ‘डीव्हीबी-टी२’ ही युरोपीय पद्धत स्वीकारली आहे. या पद्धतीत माहिती एकाच लहरीवर न लादता हजारो बारीक उपलहरींवर वाटून, सावकाश पाठवली जाते आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी थोडा मोकळा अवधी राखला जातो. इमारतींवर आपटून काही मायक्रोसेकंद उशिरा येणारी लहर या अवधीत सामावली जाते. गिरणगावातील उंच इमारतींनी जे चित्र बिघडवले होते ते नव्या पद्धतीने बऱ्याच अंशी सावरले आहे, ही गोष्ट या भागातील प्रेक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

मात्र डिजिटल चित्राचा स्वभाव वेगळा आहे. ॲनालॉग चित्र लहर कमी होईल तसे हळूहळू बिघडत जाई आणि पडद्यावर ‘मुंग्या’ आल्या तरी आवाज ऐकू येत असे. डिजिटल चित्र पुरेशी लहर असेपर्यंत स्वच्छ राहते आणि मर्यादा ओलांडताच त्याचे चौकोन होऊन ते थांबते. त्यामुळे पडद्याकडे पाहत अँटेना फिरवण्याचा जुना उपाय येथे लागू पडत नाही. संचाच्या मेनूमध्ये लहरीची तीव्रता आणि लहरीचा दर्जा असे दोन आकडे दिसतात. त्यांतील दर्जाचा आकडा जेथे सर्वाधिक येतो ती दिशा कायम करायची असते.

छत्रीचा पर्याय

भूप्रक्षेपणाच्या जोडीला दूरदर्शनची विनामूल्य उपग्रह सेवा आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे ‘डीडी फ्री डिश’ झालेली ही सेवा मासिक शुल्क घेत नाही. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यावा लागतो. तिच्यावर सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या असतात आणि लिलावात जागा घेणाऱ्या खासगी वाहिन्याही असतात, म्हणून खासगी वाहिन्यांची यादी वेळोवेळी बदलते. अंगभूत उपग्रह ट्यूनर असलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी भारतीय मानक ब्युरोने ‘आयएस १८११२ : २०२२’ हे मानक प्रसिद्ध केले आहे; अशा संचाला वेगळा बॉक्स न लावता निःशुल्क वाहिन्या घेता येतात.

फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर स्थिर आहे. मुंबईतून पाहता तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर येतो. वरळीचा मनोरा करी रोडपासून वायव्येच्या अंगाला असल्याने एकाच गच्चीवरील अँटेना आणि छत्री यांची तोंडे जवळजवळ विरुद्ध दिशांना ठेवावी लागतात. एखाद्या चाळीच्या आग्नेयेला लागूनच उत्तुंग इमारत असेल तर छत्रीला उपग्रह दिसत नाही आणि तेथे अँटेना हाच उपाय उरतो. मोकळी आग्नेय बाजू असलेल्या घराला मात्र छत्रीवर अधिक वाहिन्या मिळतात. म्हणून साधन विकत घेण्यापूर्वी गच्चीवर होकायंत्र घेऊन दोन्ही दिशा पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

रेकॉर्डर : वेळेवर प्रेक्षकाचा ताबा

प्रसारणाची मोठी मर्यादा म्हणजे त्याची वेळ प्रसारकाच्या हाती असते. पाळीत काम करणाऱ्या कामगाराला, रुग्णालयातील परिचारिकेला किंवा रात्री उशिरा दुकान बंद करणाऱ्याला ठरलेल्या वेळी पडद्यासमोर बसता येत नाही. ही अडचण दूर करणारे पहिले घरगुती साधन म्हणजे चित्रफितीवर मुद्रण करणारा व्हीसीआर होय. सोनी कंपनीचा बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसी कंपनीचा व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आला. भारतात ऐंशीच्या दशकात ही यंत्रे पसरली, परंतु येथे त्यांचा उपयोग मुख्यतः भाड्याच्या कॅसेटींवर चित्रपट पाहण्यासाठी झाला आणि दूरदर्शनचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवण्याची सवय मोजक्याच घरांना लागली. त्यातच मुंबईच्या दमट हवेत चित्रफितींना बुरशी धरत असल्याने जे थोडे मुद्रण झाले तेही फार काळ टिकले नाही.

आजचा रेकॉर्डर स्वतंत्र यंत्र असेलच असे नाही. अनेक डीव्हीबी-टी२ आणि फ्री डिश बॉक्सना यूएसबी जोडणी असते आणि तिच्यात पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावली की तोच बॉक्स रेकॉर्डर होतो. या मुद्रणात चित्र नव्याने तयार होत नाही. हवेतून आलेले अंक जसेच्या तसे साठवले जातात, त्यामुळे मुद्रित कार्यक्रम मूळ प्रसारणाइतकाच स्वच्छ दिसतो. एखादी वाहिनी सेकंदाला तीस लाख बिट, म्हणजे तीन मेगाबिट, या वेगाने येत असेल तर तासाभराच्या कार्यक्रमाला सुमारे १.३५ गिगाबाइट जागा लागते आणि ३२ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर तेवीस तासांच्या आसपास मुद्रण मावते.

मल्टिप्लेक्समुळे आणखी एक सोय होते. एका ट्यूनरने एक मल्टिप्लेक्स पकडला की त्यातील सर्वच वाहिन्या ट्यूनरपर्यंत पोहोचलेल्या असतात. म्हणून योग्य प्रणाली असलेला रेकॉर्डर किंवा ट्यूनर जोडलेला संगणक सह्याद्रीवरील बातम्या मुद्रित करत असताना त्याच गाठोड्यातील दुसरी वाहिनी पाहू देतो. उलट सशुल्क सेवांमध्ये कार्यक्रम कुलूपबंद केलेले असतात. भारतात २००८ पासून सशुल्क डीटीएच सेवांनी रेकॉर्डर दिले, परंतु अशा बॉक्सवरील मुद्रण सहसा त्याच बॉक्सवर चालते आणि जोडणी बंद केली की ते हाताशी राहीलच याची शाश्वती नसते. निःशुल्क प्रसारणाचे बॉक्ससुद्धा कधीकधी स्वतःच्याच सांकेतिक पद्धतीने फाइल साठवतात, म्हणून विकत घेताना दुकानातच एक मिनिट मुद्रण करून ते दुसऱ्या संचावर किंवा संगणकावर चालते का हे तपासावे.

कायदा काय सांगतो

घरी मुद्रण करणे कायदेशीर आहे का, हा प्रश्न जगभर विचारला गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी बीटामॅक्स खटल्यात असा निर्णय दिला की सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण हा न्याय्य वापर आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्येही प्रसारकांच्या हक्कांना जोडून कलम ३९ मध्ये स्पष्ट अपवाद दिला आहे: मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेल्या मुद्रणाने प्रसारणाच्या हक्काचा भंग होत नाही. ते मुद्रण विकणे, भाड्याने देणे, सार्वजनिक ठिकाणी दाखवणे किंवा इंटरनेटवर चढवणे या गोष्टी मात्र या अपवादात बसत नाहीत, आणि गणेशोत्सवाच्या मंडपात एखादा मुद्रित चित्रपट दाखवण्यापूर्वी मंडळांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

शाळा आणि स्मृती

अध्यापनाचा अपवाद कागदोपत्री राहण्यासारखा नाही. करोनाच्या काळात शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन किंवा इंटरनेट नव्हते त्यांच्यापर्यंत अभ्यास पोहोचवण्याचा हा मार्ग होता. एका खोलीत चार-पाच माणसे राहणाऱ्या घरात ठरावीक वेळी संच मुलाला मिळेलच असे नसते. अशा घरात पाचशे रुपयांच्या आतला पेन ड्राइव्ह तो पाठ संध्याकाळपर्यंत राखून ठेवू शकतो आणि न समजलेला भाग पुन्हा दाखवू शकतो.

मुद्रणाचा दुसरा, दूरगामी उपयोग सांस्कृतिक स्मृतीचा आहे. चित्रफीत महाग असण्याच्या काळात जगभरच्या प्रसारण संस्थांनी जुने कार्यक्रम पुसून त्याच फितींवर नवे मुद्रण केले. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या साठच्या दशकातील कितीतरी भागांचे चित्र असेच नाहीसे झाले; परंतु त्या सर्व भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवला होता. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मॅरियन स्टोक्स यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या हजारो चित्रफितींवर सलग मुद्रित केल्या, आणि त्या आज संशोधनाचे साधन झाल्या आहेत. मराठी नाटक, संगीत आणि लोककला यांच्या थोर कलावंतांना पडद्यावर आणणाऱ्या वरळी केंद्राच्या कार्यक्रमांबाबत अशी जाण गिरणगावातल्या चार घरांनी जरी ठेवली असती, तरी मराठी संस्कृतीच्या अभ्यासकाला ती ठेव मोलाची ठरली असती.

जोडणी करताना

करी रोडसारख्या मनोऱ्याजवळच्या भागात अँटेनाला ‘बूस्टर’, म्हणजे लहर वाढवणारे यंत्र, लावणे सहसा अपायकारक ठरते. आधीच बळकट असलेली लहर आणखी वाढवली की ट्यूनर गोंधळतो आणि चित्र मिळण्याऐवजी जाते. खिडकी वरळीच्या बाजूला असेल तर खोलीतील छोटी अँटेनाही पुरते, आणि मध्ये इमारत असेल तरच गच्चीची गरज पडते. नळ्या जमिनीला समांतर ठेवाव्यात. पूर्वीच्या पट्टीसारख्या चपट्या वायरीऐवजी ७५ ओहमची गोल कोॲक्सियल वायर वापरावी, कारण तिच्या जाळीदार आवरणामुळे बाहेरचा व्यत्यय आत शिरत नाही. संच किंवा बॉक्स डीव्हीबी-टी२ पद्धतीचा आहे याची खात्री करून मेनूमधून ‘ऑटो स्कॅन’ करावे आणि प्रसारणात बदल होत असल्याने काही महिन्यांनी ते पुन्हा करावे. जुन्या चाळींच्या कठड्यांना किंवा कौलांच्या वाशांना जड खांब बांधू नये, खांबाला अर्थिंगची तार जोडावी, आणि रेल्वेमार्गालगतच्या इमारतींत खांब कधीही रुळांच्या बाजूला कलू शकेल असा उभारू नये, कारण उपनगरी मार्गावरील वरच्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो.

या साधनांच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. भारतात खासगी वाहिन्यांना भूप्रक्षेपणाची मुभा नाही, म्हणून गच्चीवरच्या अँटेनावर खासगी मराठी मालिका कधीच येणार नाहीत, आणि दूरदर्शनने डिजिटल भूप्रक्षेपणाची पुरेशी प्रसिद्धी केली नाही ही तक्रारही रास्त आहे. परंतु सार्वजनिक प्रसारण हे नागरिकांच्या पैशावर चालते आणि सार्वजनिक लहरींवरून येते. ते घेण्यासाठी दुसऱ्याच्या तारेवर आणि मासिक बिलावर अवलंबून राहण्याची सक्ती कोणावर नसावी. गिरणगावात आज चाळींचा पुनर्विकास वेगाने होत आहे, आणि नव्या इमारतींच्या आराखड्यांत उद्वाहने, वाहनतळ आणि इंटरनेटच्या तारा यांची तरतूद आवर्जून केली जाते. त्याच आराखड्यांत गच्चीवर एक सामाईक यूएचएफ अँटेना, एक सामाईक छत्री आणि तेथून प्रत्येक घरापर्यंत एक वायर एवढी तरतूद करून घेणे रहिवासी संस्थांच्या हाती आहे. इमारत उभी राहत असताना तिचा खर्च नगण्य असतो आणि भिंती रंगवून झाल्यावर तीच गोष्ट त्रासाची होते. म्हणून पुनर्विकासाच्या करारावर सह्या करण्यापूर्वी रहिवाशांनी ही मागणी लेखी नोंदवावी.